नैवेद्य न दाखवलेली भाकर

खाणावळीत जेवणारं माणूस एक तर पोरकं असतं, नाही तर बिघडलेलं, असं आनंदाबाईचं पक्कं मत होतं. चार वर्षं ती वर्ध्याच्या मालगुजारीपुऱ्यात एका खोलीचं बिऱ्हाड करून होती, पण बाजारातल्या हॉटेलाचा चहा कसा लागतो हे तिला ठाऊक नव्हतं. नवरा रूपराव जिनात वजनकाट्यावर होता. दिवसभर कापसाच्या गाड्या तोलून तो घरी यायचा तेव्हा भुवयांपर्यंत रुईने पांढरा झालेला असायचा. तिच्या हातची जवारीची भाकर आणि तुरीचं वरण खाऊन तो आडवा व्हायचा. एकुलती मुलगी नलू अल्लीपूरला आजीपाशी राहून शाळा शिकत होती.

आनंदाबाईचं माहेर कारंजा घाडग्याचं, सासर अल्लीपूरचं, आणि दोन्ही घरं महानुभाव पंथाची. परमेश्वर एक. इतर देवदेवतांपुढे हात जोडायचे नाहीत, आणि त्यांना दाखवलेला नैवेद्य तोंडात घालायचा नाही. मांसाचं तर नावही नको. पहाटे नामस्मरण झाल्याशिवाय आनंदाबाई चुलीत काडी सरकवत नसे. सासरे महादेवराव तिच्याहीपेक्षा कडक. ते गुरूकडून पंथाचा उपदेश घेतलेले. सख्ख्या भाच्याच्या लग्नात भरल्या पंगतीतून उठून गेले होते, का तर लाडू आधी खंडोबापुढे ठेवले होते. वावरातल्या हिरव्या हरभऱ्यावर दोन दिवस काढले, पण लाडूला शिवले नाहीत.

असे महादेवराव १९५७ सालच्या मार्गशीर्षात वर्ध्याला आले ते दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू घेऊन. उजेड आणि अंधार तेवढा त्यांना कळे. समोर माणूस आहे की खांब, ते त्याने तोंड उघडल्यावरच समजे. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी डोळे पाहिले, नाडी पाहिली, पोट दाबून पाहिलं आणि ऑपरेशनसाठी अकरा दिवसांनंतरचा मंगळवार दिला.

"तोवर अंगात ताकद धरा, बाबा," डॉक्टर म्हणाले. "तेल नाही, तिखट नाही. दुधातुपानं तुमचं पोट बिघडतं म्हणता, तर तेही नको. भाकरी, फिकं वरण, उकडलेली भाजी, बस. एक खोकला आला तर केलेला डोळा हातचा जाईल. आणि उपास अजिबात नाही. त्या दिवशी अशक्त दिसलात तर परत पाठवीन. मग पुढच्या हिवाळ्यातच या."

"तवरोक डोळ्यातलं हे पीक उभ्या उभ्या सडन नं, डॉक्टरसाहेब," महादेवराव हसून म्हणाले.

सासऱ्यांचा हात धरून आनंदाबाई घरी निघाली. चालता चालता तिने मनातल्या मनात दिवस मोजले आणि रस्त्यातच थबकली. येत्या बुधवारपासून शनिवारपर्यंत तिचे बाहेर बसायचे दिवस होते.

त्या चार दिवसांत चूल नाही, पाण्याचा माठ नाही, कुणाला शिवणं नाही. सासूबाई रुख्माबाईने चौदा वर्षांपूर्वी, लग्नाच्या पहिल्याच महिन्यात तसं बजावून ठेवलं होतं. अल्लीपूरला कधी अडलं नाही. एक बाहेर बसली की दुसरी रांधायची. वर्ध्यात ती आणि रूपराव दोघंच. रूपराव चार दिवस मुरमुरे, फुटाणे आणि पेरू यांवर काढायचा, आणि ती आधीच्या दिवशीच्या वाळल्या भाकरीवर. पण महादेवरावांच्या तोंडात दात दोन होते, तेही समोरासमोर नव्हते. जाऊ बाळंतीण होती आणि सासूबाई तिच्यापाशी अडकलेल्या. शेजारच्या सुलोचनाकडे दर रविवारी मटणाचा रस्सा उकळायचा.

"मी रांधू का?" रूपरावने विचारलं.

"मागं तुमी भाकर केलती ते आठवते का?"

"हो. त्याले तं चार वर्षं झाले."

"कुत्र्यानं वास घेतला अन् गेलं."

मग आनंदाबाईने पदर खोचला आणि जन्मात पहिल्यांदा ती खाणावळ शोधायला निघाली.

पहिली खाणावळ एका ब्राह्मण काकूंची. अंगण सारवलेलं, पितळेची भांडी सोन्यासारखी, आत वरणाला उकळी आलेली. काकू सोवळ्यात. फिकं वरण? मिळेल. बिनतेलाची भाजी? मिळेल, पथ्याचे आमच्याकडे नेहमी असतात. आनंदाबाईचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात काकूंनी छोट्या ताटलीत सगळं थोडं थोडं वाढून घेतलं, देवघरात जाऊन पाणी फिरवलं, आणि परत येऊन त्या ताटलीतला भात मोठ्या पातेल्यात मिसळून टाकला. वरण वरणात, भाजी भाजीत.

आनंदाबाई पाहतच राहिली. "हे... हे साऱ्याच पातेल्यात टाकलं तुमी?"

"मग! सगळं अन्न प्रसाद होतं ना त्यानं."

"आमच्या मामाजीले बिनानैवेद्याचं पायजे होतं."

काकूंच्या हातातली पळी थांबली. "देवाला न दाखवलेलं? अहो, आमच्याकडे गाईलासुद्धा तसं देत नाहीत! तुमचे सासरे नास्तिक आहेत की काय?"

"नाई जी! तुमच्या-माह्यापेक्षा लय धार्मिक हायेत."

कोण जास्त हबकलं होतं ते सांगणं कठीण. दोघी एकमेकींकडे बघत मागे सरल्या.

दुसऱ्या दिवशी ती इतवाऱ्यातल्या मारवाडी बाशात, म्हणजे त्यांच्या खाणावळीत, गेली. तिथे कांदा-लसूण नाही, मांस तर सात पिढ्यांत नाही. पण तिथल्या स्वयंपाकी महाराजाने तिच्यासमोर वरणाच्या वाटीत पळीभर तूप सोडलं आणि अभिमानाने सांगितलं की सकाळी ठाकुरजींना भोग लागल्याशिवाय इथली भट्टी माणसांसाठी पेटत नाही. ती तशीच मागे फिरली. जेवढी जागा सोवळी तेवढा तिथे नैवेद्य पक्का, हे तिच्या ध्यानात आलं. आता शोधायचं तरी काय? शुद्ध पण देव नसलेलं? असं घर गावात असतं का कुठे?

तिसऱ्या दिवशी कुणी तरी सांगितलं म्हणून ती एका खादीवाल्या गृहस्थांच्या नैसर्गिक आहाराच्या भोजनालयात गेली. तिथे भोग नव्हता, तूप नव्हतं, तेल नव्हतं. मीठही नव्हतं. पानावर कच्चा दुधी, कच्चं गाजर, मोड आलेली मटकी आणि कडुनिंबाच्या पाल्याची चटणी. लोक डोळे मिटून ती चटणी चावत होते.

"हे शिजवत नाई का?" तिने हळूच विचारलं.

"शिजवलं की अन्न मरतं, भगिनी. प्रत्येक घास बत्तीस वेळा चावायचा."

"आमच्या मामाजीले दोनच दात हायेत."

गृहस्थांनी गंभीरपणे हिशेब केला. "मग थोडा वेळ लागेल."

सोमवार गेला, मंगळवार उजाडला. उद्यापासून चूल बंद. आनंदाबाई रेल्वे फाटकाकडच्या वस्तीतून परत येत होती तेव्हा एका टिनाच्या छपराखालून जवारीची भाकर भाजल्याचा वास आला. दारात जिनातल्या मजूरबाया जेवायला बसल्या होत्या. आत चुलीशी पस्तिशीतली एक बाई होती. आनंदाबाईने नाव विचारलं. कमलाबाई. नवरा रेल्वेत गँगमन. ती पूर्वी एका आश्रमात धान्य निवडायला जायची, तिथे आजाऱ्यांचं बिनतेलाचं रांधायला शिकली. आता वर्षभरापासून हे दुकान.

आनंदाबाई आता कुणावर विश्वास ठेवायला तयार नव्हती. तिने डाळीचा डबा उघडून पाहिला. भाजीत फक्त कोथिंबीर आणि मीठ आहे ना ते पाहिलं. परात उलटी करून पाहिली.

"मटण-मासोळी?"

"नाई बाई. त्याचं भांडंच नाई घरात. जीव माराचा नाई म्हून शपथ घेतली हाय."

"अन्... देवाले नैवेद्य?"

कमलाबाईने भिंतीतल्या देवळीकडे हात केला. देवळी रिकामी होती, ताज्या चुन्याने पोतलेली. "आमच्या घरी आता देव नाईत. सारे नदीत सोडले."

आनंदाबाईच्या डोळ्यांत पाणीच आलं. कारंज्याला तिच्या आजोबांनी उपदेश घेतला तेव्हा त्यांनीही घरातले टाक असेच नदीत सोडले होते. म्हणजे ही आपलीच, आपल्याच पंथाची! नैवेद्य नाही, मांस नाही, देव नदीत. आणखी काय विचारायचं? तिने हात जोडून पंथाच्या रीतीने "दंडवत प्रणाम" म्हटलं. कमलाबाई क्षणभर गोंधळली, मग तिनेही पिठाचे हात जोडले आणि हसली. फार छान हसली.

बुधवारी आनंदाबाई बाहेर बसली. रूपराव पहाटेच जिनात गेला. सासऱ्यांना तिथवर न्यायचं कसं? हात तर धरायचा नाही. लाकडाला विटाळ लागत नाही, असं सासूबाईंनी एकदा सांगितलं होतं. म्हणून तिने महादेवरावांच्या काठीचं एक टोक त्यांच्या हातात दिलं, दुसरं आपण धरलं आणि पुढे चालू लागली.

"हात दे नं पोरी. कालवर तं हात धरून नेत होती."

"असंच या, मामाजी. खड्डे हायेत."

ती आत गेली नाही. दारातून त्यांना कमलाबाईने आत नेलं, आणि ती रस्त्यापलीकडच्या निंबाखाली उभी राहिली. महादेवराव जेवून आले ते समाधानाने पोटावरून हात फिरवत. त्या संध्याकाळी आणि गुरुवारीही तसंच. दीड भाकर, दोन वाट्या वरण. गालांवर तजेला आला. मात्र परत येताना ते काही बोलत नसत. काठीचं टोक धरून गुमान मागे चालत.

शुक्रवारी ती निंबाखाली उभी असताना सुलोचना बाजारातून पिशवी घेऊन आली.

"इथं काऊन उभी व, उन्हातान्हात?"

"मामाजी जेवून राह्यले. त्या कमलाबाईकडं."

सुलोचनाने पिशवी खाली ठेवली. "कोनाकडं?"

"कमलाबाई. गँगमनची बायको. आमच्याच पंथाची हाय."

"आनंदाबाई!" सुलोचनाने आधी इकडेतिकडे पाहिलं, मग आवाज खाली आणला. "अवं, ते महारवाड्यातली नोहे का! गेल्या वर्षीच्या दसऱ्याले नागपूरले जाऊन बौद्ध झाले नं सारे, त्याइच्यातली. तुमच्या पंथाची म्हणे! माय माय माय. तुनं सासऱ्याले तिथं जेवू घातलं? अल्लीपुरात समजलं तं?"

आनंदाबाईने दिवस मोजले. तीन दिवस! तीन दिवस आपण स्वतः, आपल्या हाताने, काठी धरून! तिने मनातल्या मनात एकेक नेम चाचपून पाहिला. नैवेद्य नव्हता. मांस नव्हतं. मोडलं काय? ते सापडेना, आणि न सापडण्याचीच तिला जास्त भीती वाटली. रुख्माबाईचा चेहरा डोळ्यांपुढे आला तशी ती धावत रस्ता ओलांडून दारात गेली.

महादेवराव पाटावर बसून वरणात भाकर कुस्करत होते. शेजारी जिनातल्या दोन बाया. कमलाबाई तव्यापाशी.

"मामाजी, उठा!"

"घास तं खाऊ दे."

"उठा म्हणते नं. हात धुवा."

"काऊन? डॉक्टरनं तारीख बदलली का?"

कमलाबाईने आनंदाबाईच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला सगळं समजलं. तिचा चेहरा दार लावल्यासारखा बंद झाला. "त्याइले जेवू द्या, बाई. तोंडात घास हाय त्याइच्या."

"तुमी मले सांगतलं काऊन नाई?"

"काय?"

आनंदाबाईच्या तोंडून तो शब्द निघेना.

"तुमी देवाचं इचारलं, मी देवळी दाखवली," कमलाबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "तुमी मटणाचं इचारलं, तेल इचारलं, मिरची इचारली, माही परात उलटी करून पाह्यली. जात नाई इचारली. मले वाटलं, तुमाले ठाऊक हाय. साऱ्या गावाले तं ठाऊक हाय. मी घरी आमच्या मालकाले सांगतलं, आज एक बाई आली, सारं इचारलं, जात नाई इचारली, अन् जाताना हात जोडून गेली. तीन दिवस झाले, जो भेटते त्याले तेच सांगून राह्यली मी."

ती पुन्हा तव्याकडे वळली. सुलोचनाच्या बोलण्याने आनंदाबाईला जेवढं लागलं नव्हतं तेवढं या बोलण्याने लागलं.

"मले पह्यल्याच दिवशी समजलं होतं," महादेवराव घास गिळून म्हणाले. "डोळे गेले, कान हायेत. येणारंजाणारं जयभीम म्हणते इथं."

"मंग तुमी जेवले कसे?"

"तोंडानं." जिनातल्या बाया फिसकन हसल्या. महादेवराव मात्र हसले नाहीत. "परमेश्वराच्या दारात जात नाई, हे मी चाळीस वर्षं पोथीत ऐकून राह्यलो. अन् चाळीस वर्षं वावरातल्या माणसाले पाणी वरूनच घातलं. अल्लीपुरात माही हिंमत नाई झाली. इथं कोनी वळखीचं पाहून नाई राह्यलं म्हून झाली. लय मोठी हिंमत नोहे ते. पण पोरी, तू मले एक सांग."

त्यांनी आवाजाच्या रोखाने मान वळवली. धुरकट बुबुळं तिच्या खांद्याच्या जरा बाजूला रोखली गेली.

"तू मले घरी जेवू घालाचं काऊन सोडलं? मंगळवारपर्यंत घालत होती. बुधवारपासून चूल नाई, हात बी धरत नाई. ढोराले नेते तसं काठीनं नेते. रूपरावले इचारलं तं तो नुसता खाकरते. म्या काय केलं? काल मी या बाईपाशी बोललो, सुनेले माहा कंटाळा आला, एक डोळा झाला का मी आपला निंघतो."

आनंदाबाईला वाटलं आपल्या कानशिलात कुणी तरी दिली. ज्या माणसाच्या घासासाठी आपण चार दिवस गल्ल्या तुडवल्या, तो असं समजून बसला होता! सासऱ्यापुढे ती गोष्ट कोणती सून बोलेल?

शेवटी कमलाबाईच बोलली, भाकर उलटता उलटता. "बाबा, त्याइचे चार दिवस हायेत. बाईमाणसाचे."

महादेवरावांनी हातातला घास ताटात ठेवला. तव्यावरची भाकर फुगली.

"अन् तिकडं घरी?"

"तिकडं जाऊबाई रांधते," आनंदाबाई कशीबशी म्हणाली. "आमी मागच्या पडवीत बसतो. तुमाले कळत नसे."

"लगन झालं तवापासून?"

"सासूबाई तं तीस-पस्तीस वर्षं बसल्या असतीन."

"कोनी सांगतलं तुले?"

"सासूबाईनं."

"अन् तिले?"

"तिच्या सासूनं."

"म्हंजे माह्या मायनं." महादेवरावांनी डोक्यावरचं मुंडासं सोडून मांडीवर ठेवलं. "आपल्या पंथाच्या वाटेत हा विटाळच नाई, पोरी. अंगाले घाम येते तसं ते बी अंगाचंच. पंथ काढला त्या स्वामीनं तवाच मोकळं केलं बायाइले. मी दरसाल ऐकलं अन् दरसाल मान हालवली. माह्याच पडवीत कोन बसून हाय ते नाई पाह्यलं. तवा तं चांगलं दिसत होतं मले."

आनंदाबाई उंबऱ्यावर मटकन खाली बसली. तिला पडवी आठवली नाही, तिथली थंडी आठवली नाही. आठवलं ते कारंज्याचं घर. सहा वर्षांपूर्वी तिचे वडील गेले तेव्हा तिचा तिसरा दिवस होता. सगळे एकेक करून त्यांच्या तोंडात पाणी घालत होते, आणि ती दाराबाहेर उभी होती. वडिलांनी दोनदा तिच्याकडे पाहिलं, ओठ हलवले. ती आत गेली नाही. त्या घरातही पोथी होती, रोज वाचली जायची. वाचणारे ते स्वतःच होते.

"तू जेवली का?" महादेवरावांनी विचारलं.

"नाई. मंगळवारची भाकर होती, ते काल सरली."

आता कमलाबाई 'या' म्हणेल, असं आनंदाबाईला वाटलं. कमलाबाई म्हणाली नाही. ती पाठमोरी बसून परातीतलं पीठ मळत राहिली, गरजेपेक्षा जास्त वेळ. मग आनंदाबाईच्या लक्षात आलं की हे बोलावणं येणार नाही. ते आपल्यालाच मागावं लागेल.

"कमलाबाई," ती म्हणाली, "मी आत येऊ का? मी बाहेरची हाय."

"ते बाहेरचं-आतलं आमी सोडलं आता." कमलाबाईने मान वळवली. "पण पक्कं करून या. उद्या कोनी इचारलं तं, मले फसवलं म्हून सांगत फिरू नका."

"नाई सांगत."

रस्त्यावरून सुलोचनाची हाक आली, "आनंदाबाई! अवं, चाल न!" आनंदाबाई उठली, उंबरा ओलांडला आणि भिंतीशी जाऊन बसली. जिनातल्या एका बाईने सरकून जागा दिली.

"या बाई," ती म्हणाली. "तुमच्यापायी आज आमाले फुकट पोथी ऐकाले भेटली."

पहिला घास आनंदाबाईच्या घशाखाली उतरेना. दुसरा उतरला. त्यानंतर तिने अडीच भाकरी खाल्ल्या.

परत जाताना महादेवरावांनी काठी काखेत मारली आणि मोकळा हात पुढे केला. तो हात धरताना तिला एवढा दचका बसला की जणू तापलेला तवाच धरला. काही झालं नाही. हात कोरडा होता, खरखरीत.

"संध्याकाळी तू रांध," ते म्हणाले. "दुपारी आपण इकडंच येऊ. या बाईचं वरण सोडाचं नाई मले."

दिवस मावळायच्या आत आनंदाबाईने चूल पेटवली. काडी तीनदा विझली. वरण ढवळायचं सोडून ती पातेल्याकडे नुसती बघत बसली आणि वरण खाली लागलं. चौदा वर्षांत तिच्या हातून वरण लागलं नव्हतं. ती घाबरून उभी राहिली. "मामाजी, पहा! लागलं! दोष लागला!"

"ढवळलं नाई म्हून लागलं," महादेवराव भिंतीला टेकून म्हणाले. "वाढ तसंच."

तेवढ्यात रुईने माखलेला रूपराव दारात आला, आणि बायको चुलीपुढे दिसताच तिथेच खिळला.

"आज शुक्रवार हाय नं?"

"हाय."

"मंग?"

"मामाजीले इचारा."

रूपरावने बापाकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, पुन्हा बापाकडे. "मायले समजलं तं काय होईन?" एवढंच तो म्हणाला.

मायला समजायला चार दिवस लागले. सुलोचनाचा भाऊ अल्लीपूरच्या बाजाराला जायचा. मंगळवारी डॉक्टरांनी नाडी पाहिली, "बाबा, तुम्ही तर बाळसं धरलंत," म्हणाले आणि महादेवरावांना आत घेतलं. डोळा झाला. खोकला आला नाही. दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून ते पडून राहिले, आणि बुधवारी दुपारच्या बसने रुख्माबाई येऊन दवाखान्यात थडकली. आठ दिवस ती खाटेशी बसून होती, पण आनंदाबाईशी एक शब्द बोलली नाही. कमलाबाईकडून डबा आला की ती उठून व्हरांड्यात जायची. "माह्या माघारी साऱ्या घराचा बट्ट्याबोळ केला," हे ती भिंतीला ऐकवायची. महादेवराव ऐकायचे आणि म्हणायचे, "मले दिसू दे. मंग बोलतो."

आठव्या दिवशी डॉक्टरांनी पट्टी सोडली. महादेवरावांनी डोळा किलकिला करून उघडला, मिटला, पुन्हा उघडला. समोर रुख्माबाई उभी होती, पदर घट्ट लपेटून, भांडायच्या तयारीत. दोन वर्षांनी ते तिचं तोंड पाहत होते. बराच वेळ पाहत राहिले.

"तू पस्तीस वर्षं त्या पडवीत बसली," ते म्हणाले. "आपल्या वाटेत नाई ते. मले सांगतलं काऊन नाई?"

रुख्माबाईने घरून पाठ करून आणलेलं सगळं भांडण तिच्या तोंडातच राहिलं. तिने आनंदाबाईकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"तुमी कवा इचारलं?" ती म्हणाली.